घरच्या माणसाचा एक चांगला फोटो



कुणाच्या घरी तेरवीला गेलो, की माझी नजर आधी हार घातलेल्या फोटोकडे जाते. ही सवय काही चांगली नव्हे, पण गावोगाव फिरताना ती जडली. बहुतेक घरांत तो फोटो आधार कार्डावरचा वाढवून आणलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. कापलेल्या फोटोत कधी खांद्यावर एक परका हात तसाच राहिलेला दिसतो. ज्या माणसाने जन्मभर वखर धरला, विहीर खोदली, लेकीबाळींची लग्ने केली, त्याची भिंतीवर उरलेली खूण म्हणजे यंत्रापुढे दचकून पाहणारे दोन डोळे.

मी कृषी विस्तार अधिकारी. बीजप्रक्रिया, संत्र्यावरची डिंक्या, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी यांविषयी तुम्हांला सांगणे हे माझे काम. आज मात्र मी वेगळाच विषय काढला आहे. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो कसा काढावा, हे मी शिकत असताना कसे शिकलो, ते सांगणार आहे. तुमच्या घरात आज मोबाईल आहे, म्हणजे कॅमेरा आहेच. आमच्या वेळी तो एका गावात एक असला तरी पुष्कळ.

माझे गाव खापा. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेले. खाप्याची जुनी ओळख हातमागाच्या लुगड्यांची. आमच्या घरी शेती. थोडी कपाशी, थोडा संत्र्याचा बगीचा. शेजारचे घर मात्र विणकराचे. लहानपणी सकाळी जाग यायची ती त्यांच्या मागाच्या खटखटीने. या शेजाऱ्यांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१९८८ साली मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.ला दाखल झालो. हे महाविद्यालय १९०६ सालचे. शेजारची महाराजबाग त्याच्याच ताब्यात. विस्तार शिक्षण या विषयात तक्ते, फ्लॅश कार्डे, स्लाइडी आणि फोटो यांचा शेतकऱ्यांसाठी उपयोग कसा करावा, हे शिकवीत. शिकवीत म्हणजे फळ्यावर शिकवीत. हात लावायला कॅमेरा मिळत नसे, आणि मला तर हातच लावायचा होता. सीताबर्डीच्या एका बोळात एक जुना फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. रविवारी त्यांचा स्टुडिओ झाडायचा, ट्रे धुवायचे, आणि त्या बदल्यात त्यांनी मला शिकवायचे, असा आमचा सौदा ठरला.

पहिला महिनाभर मास्तरांनी मला कॅमेऱ्याजवळ फिरकू दिले नाही. त्यांनी हातात एक वही दिली आणि महाराजबागेत पिटाळले. काम काय, तर बाकावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडे पाहायची आणि प्रत्येकाच्या नाकाची सावली कुठे पडते, ते वेळेसकट लिहून आणायचे. मला वाटले, म्हातारा आपली चेष्टा करतो आहे. पण आठ दिवसांत वहीतच उलगडा होऊ लागला. बारा वाजता सूर्य डोक्यावर आला, की नाकाची सावली थेट ओठावर पडते आणि बायकांनासुद्धा मिशी फुटते. कपाळ चमकते, डोळे मात्र भुवयांच्या सावलीत बुडतात. सकाळी आठला तोच माणूस बघा, सावली गालावर कलते आणि डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका दिसतो. मास्तर म्हणत, डोळ्यांत तो ठिपका नसेल तर फोटोतला माणूस जिवंत वाटत नाही. पाहिजे तर आजच घरात कुणाच्या डोळ्यांत डोकावून बघा. खिडकीकडे तोंड असेल तर बुबुळात अख्खी खिडकी दिसेल, गजांसकट.

मग कॅमेरा मिळाला. यशिका कंपनीचा, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून पाहायचा. त्यात उजवे डावीकडे दिसे आणि डावे उजवीकडे. उटीजवळच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे ‘इंदू’ नावाचे काळे-पांढरे रोल तेव्हा मिळत; तो कारखाना आता बंद पडला आहे. एका रोलवर बारा फोटो. बारा म्हणजे बाराच! आज तुम्ही मोबाईलवर एका दमात चाळीस काढता आणि त्यातला एकही पुन्हा पाहत नाही. आम्ही एकेक फोटो बीटीच्या पाकिटातल्या बियाण्यासारखा मोजून वापरीत असू.

कॅमेऱ्याचा हिशेब तसा सोपा आहे. भिंगाच्या मागे एक छिद्र असते, ते लहान-मोठे करता येते. शटर म्हणजे त्या छिद्राचे दार. ते किती वेळ उघडे ठेवायचे तेही आपल्या हाती. शेतात पाणी सोडताना बारे मोठे फोडले तर थोडा वेळ पुरते, लहान फोडले तर जास्त वेळ लागतो. वाफा भरायचा तो भरतोच. उजेडाचेही तसेच. कडक उन्हात शंभर वेगाच्या फिल्मला छिद्र १६ आणि शटर सेकंदाचा १२५ वा भाग, हा मास्तरांनी घोकून घेतलेला पाढा. सावलीत आलात, की छिद्र तीन-चार पायऱ्या मोठे करायचे.

१९८९ ची दिवाळी. मास्तरांनी विश्वासाने कॅमेरा आणि एक रोल दिला. मी एस.टी.ने खाप्याला आलो, ते आबाजींचा म्हणजे माझ्या आजोबांचा फोटो काढायचाच, असे ठरवून. घरात विरोध झाला. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे आजीचे म्हणणे. आबाजींनी मात्र धुतलेले धोतर नेसले, ठेवणीतले पागोटे बांधले आणि विहिरीच्या काठावर येऊन ताठ उभे राहिले. वेळ भर दुपारची. ऊन लख्ख होते, आणि जितका उजेड जास्त तितका फोटो चांगला, अशी माझी अक्कल. महिनाभर वहीत लिहिलेले सारे गावच्या आनंदात विसरलो.

“मले असा उनात उभा करून काहाची फोटू काढतं रे?” असे आबाजी दोनदा म्हणाले. मी ऐकले नाही. बाराच्या बारा फोटो विहिरीवर उडवले.

रोल धुतला तो मास्तरांच्या अंधाऱ्या खोलीत. पहिल्या द्रावणात चित्र उमटते, मग हायपोत म्हणजे सोडियम थायोसल्फेटमध्ये ते पक्के होते, मग वाहत्या पाण्यात धुवायचे. द्रावण वीस अंशांच्या आसपास लागते. नागपूरच्या मे महिन्यात नळाचेच पाणी हाताला चटका देते, तेव्हा आम्ही ट्रेखाली बर्फ ठेवीत असू. नाहीतर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुरकुततो. हे जिलेटिन गुराढोरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. म्हणजे जुन्या प्रत्येक फोटोत गोठ्याचा थोडा वाटा आहे, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

लाल दिव्याखाली कागदावर आबाजी हळूहळू उमटले. पागोट्याची घडी न् घडी स्पष्ट. धोतराची किनार स्पष्ट. विहिरीचे दगड मोजून घ्यावेत असे. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. बाराही फोटोंत तेच. मास्तरांनी कागद चिमट्याने उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पागोट्याचा फोटो छान आला. आता माणसाचा काढ.”

मला रडू यायचे बाकी होते. मास्तरांनीच विचारले, तुमच्या गावात बारीक काम करणारी माणसे कुठे बसतात? सोनार, शिंपी, विणकर, ती उजेड कुठून घेतात? आणि मला शेजाऱ्यांचा माग आठवला.

खड्ड्याचा माग तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो. तुटलेला धागा लगेच दिसला पाहिजे, म्हणून माग खिडकीशी लावलेला असतो, आणि माणूस खाली बसलेला म्हणून खिडकीही ठेंगणी. ऊन आत येता कामा नये, नुसता उजेड यावा. हा उजेड बाजूने येतो, मऊ असतो. एक गाल उजळतो, दुसऱ्यावर सावली हळूहळू उतरते. नाक, गालफड, कपाळावरची आठी, सगळ्याला उठाव येतो. चित्रकार खोलीला उत्तरेकडची खिडकी ठेवतात ती याचसाठी. त्यांनी जे पुस्तकातून शिकायचे, ते आमच्या शेजाऱ्यांच्या वाडवडिलांनी धाग्यासाठी करून ठेवले होते.

हिवाळ्याच्या सुटीत पुन्हा आलो. शेजारच्या काकांनी माग अर्धा तास थांबवला. आबाजींना मी खिडकीजवळ पाटावर बसवले. या वेळी पागोटे थोडे मागे सरकवायला लावले, म्हणजे कपाळ मोकळे होऊन डोळ्यांत उजेड शिरला. सावलीच्या बाजूला काकांनी नुकतेच उतरवलेले पांढरे कापड धरले, की तिकडूनही थोडा उजेड परतून आला. खोलीत उजेड बेताचा. छिद्र ४ आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग. हात हलू नये म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवला. तो नेमका आबाजींच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. फोटो चारच काढले. तीन हलले, एक आला.

तो घेऊन मी संक्रांतीला गेलो. आबाजींनी फोटो हातात घेतला, दाराशी नेला, लांब धरला, जवळ धरला. मी कौतुकाची वाट पाहत होतो. ते म्हणाले, “हा तं माहा बाप होय.”

त्यांच्या वडिलांचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. आबाजींना ते शेवटचे दिसले त्याला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती. आमच्या घरात आरसा होता हाताएवढा, दाढीपुरता. स्वतःचा अख्खा चेहरा त्यांनी अशा शांत उजेडात बहुधा प्रथमच पाहिला, आणि त्यांना त्यात स्वतः न दिसता बाप दिसला. तो फोटो त्यांनी आजीच्या देवघरात ठेवला. आयुष्य कमी होते म्हणणाऱ्या आजीने त्यावर रोज हळद-कुंकू वाहिले, हे मात्र सांगितले पाहिजे.

आजीला हसू नका. हीच समजूत ज्यांना भोवली, ते दादासाहेब फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. कलाभवनातच फोटोग्राफी त्यांच्या हाती आली. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला; प्लेगात पत्नी आणि मूल गेले, स्टुडिओ सुटला. पुढे बडोद्यात धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची प्राणशक्ती ओढून घेतो अशी वदंता पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्या आधी, १९१२ साली, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी जे चित्र घेतले, ते कुंडीतल्या वाटाण्याचे होते. बी उगवते, वेल वाढतो, हे त्यांनी रोज थोडे थोडे टिपले आणि पडद्यावर क्षणात वाढवून दाखवले. आपल्या देशातल्या सिनेमाचे भांडवल एका वाटाण्याच्या रोपाने उभे केले, ही गोष्ट मी कृषी मेळाव्यांत हटकून सांगतो. तेवढ्यापुरती पोरे तरी मान वर करतात.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली निघालेला फोटोग्राफीचा वर्ग. फोटोविद्या जगापुढे आली १८३९ साली, आणि सोळा वर्षांत आपल्याकडे ती विद्यार्थ्यांना शिकवली जाऊ लागली. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. त्या काळी माणसाला बराच वेळ निश्चल बसावे लागे. जुन्या फोटोंतली माणसे रागावलेली वाटतात त्याचे हेही एक कारण आहे; इतका वेळ हसू कोण धरून ठेवणार?

आता तुमच्या मोबाईलकडे वळू. आधी भिंग पुसा. खिशातल्या तंबाखूचा, तेलकट बोटांचा थर त्यावर असतो आणि फोटो धुरकट येतो. लोक कंपनीला नावे ठेवतात. मग माणसाला उन्हातून काढून ओसरीवर आणा, उंबरठ्याच्या आत दोन हात. तोंड दाराकडे, थोडे तिरके. मागे घरातला अंधार असला तर उत्तम. चेहरा आपोआप पुढे येतो. काळ्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरायला पोराला उभे करा. कापूस घरात आला असेल तर त्याहून सोपे. गंजीजवळ बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर खालून जो उजेड येतो, तसा स्टुडिओत दोन दिवे लावूनही येत नाही.

बगीच्यात संत्र्याच्या झाडाखाली मात्र काढू नका. पानांतून पडणाऱ्या उन्हाचे कवडसे तोंडावर चट्टे उठवतात, आणि हिरव्या पानांतून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो. निळ्या ताडपत्रीखाली माणूस आजारी दिसतो. धुऱ्यावर या, झाडाची सावली संपते तिथे. वर मोकळे आकाश असू द्या.

जवळ जाऊ नका. ही चूक शिकलेली माणसेही करतात. बैलाच्या तोंडाशी वीतभर अंतरावर डोळा नेलात तर मुस्कट केवढे आणि शिंगे केवढी दिसतात? माणसाचेही तेच. मोबाईलचे भिंग रुंद पाहणारे असते, म्हणून हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट मागे सरा आणि पडद्यावरचा दुप्पट मोठा करण्याचा आकडा दाबा. माणूस बाजेवर असेल तर तुम्ही खाली बसा. डोळ्याला डोळा समोर हवा. पडद्यावर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवा, तिथे नेमके स्पष्ट होईल. आणि चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी ती सोय आधी बंद करा. उन्हातान्हात कमावलेल्या सुरकुत्या यंत्राने पुसू द्यायच्या, हे मला पटत नाही.

“हसा” म्हणू नका. यंदा पऱ्हाटी कशी आहे, ते विचारा. हातात रोजची वस्तू द्या, दावे, विळा, सूप, काहीही. हाताला काम मिळाले की खांदे सैल सुटतात. फोटो बोलणे संपता संपता काढा. बोलताना तोंड वाकडे येते. संपल्यावर एक क्षण माणूस स्वतःजवळ असतो.

इतके सगळे मला येत होते. नोकरीत यशोगाथांसाठी मी किती शेतकऱ्यांचे फोटो काढले, त्याची मोजदाद नाही. चांगला कापूस आणि मालक, भरघोस संत्री आणि मालक. निंदण करणारी, वेचणी करणारी बाई त्या फोटोंत असली तर कडेला, पदराने तोंड अर्धे झाकून. मीच म्हणायचो, “वहिनी, जरा बाजूला सरका.”

माझी माय २०१९ साली गेली. मी फोटो काढायला निघालो, की ती चुलीकडे वळायची. “मी काहाची फोटू काढू, तुह्या बापाची काढ.” मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. तेरवीच्या आदल्या दिवशी मी घरातल्या सगळ्या निगेटिव्ह, सगळ्या पेट्या धुंडाळल्या. आबाजींच्या त्या फोटोच्या रोलवर एका चित्रात खिडकीच्या गजांपलीकडून जाणारी एक बाई आहे, डोक्यावर गुंडी. ती माय असावी. तोंड दिसत नाही. भिंतीवर लावला तो आधार कार्डावरचाच.

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी खाप्याला गेलो होतो. आभाळ भरलेले, पाऊस थांबलेला. असे ढग म्हणजे गावावर ताणलेली पांढरी चादरच. सावली कुठे पडतच नाही. माझी आत्या, आबाजींची लेक, आता ऐंशीच्या पुढची, ओसरीवर पोरांचे लाकडी नंदी सजवत बसली होती. मी समोर खाली बसलो, बेगड कुठून आणली ते विचारत राहिलो आणि मोबाईलने सहा फोटो काढले. त्यातला एक सावनेरला जाऊन कागदावर छापून घेतला, कारण मोबाईल हरवला की त्यातली माणसेही हरवतात. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहिली. बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आत्याने तो चष्मा लावून पाहिला.

“एवढ्या सुरकुत्या पडल्या काय रे मले?” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “राहू दे. आबाजीच्या बाजूनं लाव.”

आबाजींच्या एका बाजूला माय आहे. दुसऱ्या बाजूला जागा होती, तिथे लावला.